वात, पित्त आणि डेल्को

मुंबईत भर रस्त्यात मोटारीचे बॉनेट उघडले की पूर्वी पाच मिनिटांत धन्वंतरींचे संमेलन भरत असे. गिरगावात तर विचारूच नका. "बॅटरी बसली असणार." "छे हो, कार्बोरेटरमध्ये कचरा!" मग मागून एखादा लेंगेवाला शांतपणे म्हणे, "डेल्को बघा, डेल्को." हा लेंगेवाला बहुधा बरोबर असे.

डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्यूटर. हा शब्द आपल्या मेकॅनिकांच्या तोंडी इतका रुळला, की त्याचे मूळ गाव विचारावे असे कुणाला वाटले नाही. गाव अमेरिकेतले डेटन. तिथल्या चार्ल्स केटरिंगच्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीची ही आद्याक्षरे. त्याआधी मोटार हँडल फिरवून चालू करीत आणि इंजिनाने उलटा झटका दिला की हँडलवाल्याचा हात गळ्यात बांधावा लागे. केटरिंगचा विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि मनगटे वाचली. म्हणजे गाडी सुखाने चालू व्हावी म्हणून ज्याने आयुष्य वेचले, त्याच्याच कंपनीचे नाव आपण गाडी चालू न होण्याच्या कारणाला दिले! कृतज्ञतेची आपली रीतच वेगळी.

आमच्या पिढीची गाडी म्हणजे फियाट. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना झाला, १९६४ साली फियाट अकराशे डिलाइट आली आणि सत्तरीत तिचेच 'पद्मिनी' असे बारसे झाले. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे घरात आलेली गाडी कुरकुरली म्हणून विकायचा विचार मनात येत नसे. मध्यमवर्गीय माणूस मोटारीचा वैद्य झाला तो हौसेने नव्हे, या नंबरापायी.

निदान कानाने सुरू होई. सेल्फ मारल्यावर नुसते 'खट्ट' झाले, तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली. त्यावर गरम पाणी ओतायचे. (चहाचे आधण यासाठी पळवल्याने आमच्या घरात झालेली भांडणे हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) 'घर्र घर्र' जोरात, पण इंजिन पकडत नाही, तर प्रश्न दोनच : करंट येतो का, आणि पेट्रोल येते का? प्लग काढून वायरीला लावायचा, इंजिनाच्या लोखंडावर टेकवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचे. ठिणगी निळी पडली तर ठीक. पिवळी, मरतुकडी पडली तर पॉइंट घासायचे. पॉलिशपेपर नसला तर काडेपेटीच्या कडेवर भागे. पेट्रोलचा नुसता वास सुटला असेल, तर ते जास्त झाले आहे. चोक आत ढकलून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. वैशाखात पंप तापून नळीतल्या पेट्रोलची वाफ होई, तेव्हा पंपावर ओले फडके. तापातल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसेच.

पावसाळ्यात उलटा उपचार. हिंदमातेला पाणी भरले की त्यातून बाहेर आलेली निम्मी वाहने डेल्कोत ओल गेल्याने मुकी होत. जुलै १९८४ मधली एक रात्र मला लख्ख आठवते. लालबागला शेजारच्या वहिनींना परळच्या वाडिया हॉस्पिटलात न्यायचे होते, कळा सुरू झालेल्या, रात्रीचे दोन वाजलेले, बाहेर मुसळधार. सेल्फ फिरतोय, गाडी ढिम्म. आणखी दहा वेळा मारला असता तर बॅटरीही गेली असती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे मामा उतरले. गिरणीत फिटर होते. जानेवारी १९८२ च्या संपापासून घरी. त्यांनी कुणालाही काही विचारले नाही. डेल्कोच्या टोपीच्या दोन क्लिपा उघडल्या, खांद्यावरचा कोरडा पंचा आतून फिरवला, चारही वायरी पुसल्या, टोपी बसवली. "मारा आता." पहिल्या सेल्फला इंजिन बोलले. वहिनी मागच्या सीटवरून म्हणाल्या, "मामा, तुम्हीपण चला हो." मामा ओल्या पंचानिशी पुढे बसले, न जाणो वाटेत पुन्हा पाणी शिरले तर! गिरणीने ज्या हातांना काम नाही म्हणून सांगितले होते, त्या हातांच्या भरवशावर त्या रात्री आम्ही तिघे परळला पोहोचलो, आणि पहाटे मुलगी झाली नि आम्ही चार झालो.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. शेवटची काळीपिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली.

वहिनींच्या त्या मुलीची आता स्वतःची गाडी आहे. डेल्को नाही, कार्बोरेटर नाही, चोक नाही. परवा ती चालू होईना म्हणून तिने मला हाक मारली. बॉनेट उघडले तर आत एक भले थोरले काळे प्लास्टिकचे झाकण. मी कान देऊन ऐकले, आवाजच नाही. समोर पिवळा दिवा तेवढा शांतपणे जळत होता. कंपनीचा पोरगा लॅपटॉप घेऊन दुपारी येणार होता. "तोवर धक्का मारून बघू या का?" मी विचारले.

"काका, ऑटोमॅटिक आहे," ती म्हणाली.