बंदुकीवरील दुर्बीण : मावळांतील झाडी आणि देशावरील माळ

मावळांत कामशेतहून पवनेच्या खोऱ्याकडे वळलें म्हणजे बेडशाचा डोंगर लागतो. सुमारें चारशें पायऱ्या चढून गेल्यावर तेथील लेणीं दिसतात. चैत्यगृहाच्या दर्शनी खांबांवर घोडे, हत्ती व बैल कोरलेले असून त्यांवर स्त्रीपुरुष आरूढ झाले आहेत. जवळच एक लहानसा स्तूप आहे. गोभूति नांवाच्या भिक्षूच्या स्मरणार्थ त्याच्या शिष्यानें तो करविला. हा गोभूति अरण्यांत राहणारा व भिक्षेवर निर्वाह करणारा होता, असें तेथील शिलालेख सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीं हें खरोखरीचें अरण्यच होतें; आणि एकोणिसाव्या शतकांतही सह्याद्रीच्या या पट्ट्यांत वाघ, बिबळे, अस्वलें व सांबरें शिकाऱ्यांना मिळत असत.

या डोंगरावर उभें राहिलें असतां शिकारीच्या बंदुकीविषयींचा एक जुना वाद सहज उलगडतो. लेण्यांचें तोंड पूर्वेस आहे. समोर पाहिलें तर नजर कोसावर पोंचते. पण शेजारच्या घळींत उतरलें कीं कारवीच्या दाटींतून वीस पावलांवरचें जनावरही दिसत नाहीं. एकाच डोंगरावर दूर पाहणारा डोळाही हवा आणि जवळचें झटकन् टिपणारा डोळाही हवा. बंदुकीवर दुर्बीण बसवावी काय, आणि बसवावयाची तर ती किती पटीची असावी, हा प्रश्न येथूनच निघतो.

जुन्या काळीं हा प्रश्न नव्हता. तोड्याच्या बंदुकीची गोळी शंभर पावलांपलीकडे कोठें जाईल याचा भरंवसा नसे. नळीच्या टोंकाची माशी व मागची खाच एवढ्यावर काम भागे. छत्रपति शाहूमहाराजांच्या शिकारीच्या शोकाच्या कथा साताऱ्यास अद्यापि सांगतात, त्या कुत्र्यांच्या व हांक्याच्या आहेत. लांब पल्ल्याच्या नाहींत. खानदेशांत भिल्लांची पलटण उभारणारा जेम्स औटराम हा वाघांच्या शिकारीसाठीं प्रसिद्ध होता. कपारींत बसलेला वाघ वरून दिसेना, तेव्हां भिल्लांनीं पागोटीं बांधून त्याला खडकावरून खालीं लोंबकळत सोडलें आणि त्यानें तशाच स्थितींत बार काढला, अशी हकीकत त्याच्या चरित्रांत आहे. त्या अंतरावर भिंगाचा काय उपयोग?

दुर्बिणीची गरज भासली ती देशावरच्या उघड्या माळावर. इंदापूर, नगर, सोलापूर या बाजूस काळवीट व चिंकारा माणसाला दीडदोनशें यार्डांच्या आंत सहसा येऊं देत नाहींत. लपावयास झुडूप नसतें. अशा मुलखांत काम केलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याचें नांव या इतिहासांत येतें, आणि महाराष्ट्रांतील शेतकऱ्याच्या दृष्टीनें तें नांव निराळ्याच कारणानें महत्त्वाचें आहे. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची व आकारणीची पद्धति ज्या संयुक्त अहवालानें १८४७ सालीं कायम झाली, त्यावर तिघांच्या सह्या आहेत : गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन. यांतील डेव्हिड डेव्हिडसन हाच पुढें बंदुकीवरील दुर्बिणीचा एक आद्य पुरस्कर्ता झाला.

ही जोड केवळ योगायोगाची मानूं नये. मोजणीची सांखळी तेहतीस फुटांची असे व तिचे सोळा आणे पाडलेले असत. सांखळीभर लांब व सांखळीभर रुंद तो गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्याचा सारा दिवस अंतर मोजण्यांत जातो, त्याला डोळ्याचा अंदाज किती फसवा असतो हें निराळें सांगावें लागत नाहीं. हिंदुस्थानांत असतांनाच डेव्हिडसननें शिकारी बंदुकीवर दुर्बीण बसवून पाहिली. परत स्कॉटलंडांत गेल्यावर एडिंबरो येथील स्वयंसेवक पलटणींत असतां त्यानें ती सुधारली. त्याच्या रचनेंत पितळी दुर्बीण नळीच्या वर न बसतां डाव्या अंगास बसे, आणि ती सुमारें चार पटीचीच होती.

ही चार पट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कारण त्याच सुमारास अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील कारागीर याहून फार पुढें गेले होते. सिराक्यूजचा विल्यम माल्कम १८५५ पासून दुर्बिणी करूं लागला. त्यांतील कांहीं वीस पटीपर्यंत जात. त्या नळीइतक्याच लांब असत. निश्चल पाट्यावर नेम मारण्यास त्या उत्तम. पण हरणाच्या मागें त्या घेऊन कोण जाणार? डेव्हिडसनची दुर्बीण व्हिट्वर्थ बंदुकांवर बसून अमेरिकेच्या यादवी युद्धांत दक्षिणेकडील निशाणबाजांच्या हातीं पडली. ९ मे १८६४ रोजीं स्पॉट्सिल्व्हानिया येथें जनरल सेजविक आपल्या शिपायांना धीर देत होता. इतक्या अंतरावरून शत्रूला हत्तीसुद्धां टिपतां येणार नाहीं, असें तो म्हणाला, आणि थोड्याच वेळांत अशाच एका निशाणबाजाच्या गोळीनें डाव्या डोळ्याखालीं लागून तो मेला. शिकारीसाठीं सुचलेली युक्ति माणसांवर चालली, हें या शोधाच्या कपाळींच होतें म्हणावयाचें.

आतां पटीचा हिशेब. पट वाढली म्हणजे सावज मोठें दिसतें, एवढेंच लोकांना ठाऊक असतें. पण पट दुप्पट केली कीं दिसणारा मुलूख रुंदीनें निम्मा होतो. हाताचा कंपही तितकाच मोठा दिसूं लागतो. उन्हाळ्यांत दहा वाजल्यानंतर देशावरच्या माळांतून मृगजळ उठतें. मोठ्या पटींतून पाहिलें तर हरीण पाण्यांत पोहत असल्यासारखें हलतें, आणि नेम धरावा तो जनावरावर कीं हवेवर हें कळत नाहीं.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. दुर्बिणीच्या पुढील भिंगाच्या रुंदीला पटीनें भागावें. येणारा आंकडा म्हणजे डोळ्यापाशीं पडणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास होय. बत्तीस मिलिमीटर भिंग व चार पट असेल तर ही चकती आठ मिलिमीटरांची. तेंच भिंग ठेवून पट दहा केली तर जेमतेम तीन. तरुण माणसाची बाहुली अंधारांत सुमारें सात मिलिमीटर उघडते, साठीच्या माणसाची पांचच्या आसपास. भर दुपारीं तीन मिलिमीटर पुरतात. परंतु सांबर दुपारीं हिंडत नाहीं. तें निघतें झुंजुमुंजूला किंवा दिवेलागणीला. नेमक्या त्याच वेळीं मोठी पट आंधळी होते. १९०० नंतर व्हिएन्ना व येना येथील कारखान्यांनीं शिकारीसाठीं ज्या आंखूड दुर्बिणी काढल्या, त्यांत अडीच, चार, फार तर सहा पटींवरच भर होता. हा त्यांचा कंजूषपणा नव्हे, अनुभव होता. पुढें पट कमीजास्त करतां येणाऱ्या दुर्बिणी आल्या. पण जाणता शिकारी त्या सर्वांत कमी पटीवर ठेवूनच रान उतरतो.

मोठ्या पटीचा खरा धोका निराळाच आहे. ती अंतर विसरावयास लावते. सेकंदास आठशें मीटर वेगानें सुटलेल्या गोळीलाही सहाशें मीटर जाण्यास जवळजवळ एक सेकंद लागतो, व तेवढ्यांत ती कित्येक फूट खालीं येते. चरणारें जनावर तितक्या अवधींत एक पाऊल टाकतें आणि छातीवर धरलेला नेम पोटांत लागतो. दुर्बीण या सेकंदांतून क्षणही कमी करीत नाहीं. आणि जखमी जनावर झाडींत शिरलें म्हणजे त्याच्या मागावर पहिला कोण जाई? साहेब नव्हे. मावळांत तो कातकरी किंवा ठाकर असे. कमरेला कोयता व हातांत काठी. हांक्याच्या वेळीं हींच माणसें झाडीपलीकडून आरोळ्या देत येत. अरुंद दृष्टिक्षेत्रांतून शिकाऱ्याला जनावर दिसे, पण त्याच्यामागचा हांकेकरी दिसत नसे. लहान पट घ्यावी, असें म्हणण्याचें सर्वांत बळकट कारण हें आहे, आणि शिकारीच्या पुस्तकांत तेंच सर्वांत थोडक्यांत आटोपलेलें आढळतें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हा वाद आपल्याकडे शिकारीपुरता संपला. तोंवर देशावरचे काळविटांचे मोठे कळप विरळ झाले होते. नगर जिल्ह्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं व पुणें जिल्ह्यांत सुपें येथें १९९७ सालीं चिंकाऱ्यांसाठीं अभयारण्य झालें. डेव्हिडसनच्या वेळीं सांखळ्या ओढल्या जात होत्या तोच हा टापू. तेथें जाणारे लोक बहुधा आठ पटीची व चाळीस मिलिमीटर भिंगाची दोन डोळ्यांची दुर्बीण गळ्यांत अडकवितात. भागाकार पांच येतो, आणि सांज झाली तरी माळाच्या कडेला उभ्या असलेल्या नराचीं पिळदार शिंगें त्यांतून ओळखूं येतात.