धुलाईची भुकटी आणि कामगाराचा श्वास

राखणीला ठेवलेली फौज घरधन्यावरच उलटावी, तसा प्रकार आपल्या शरीरात घडतो. त्याला अ‍ॅलर्जी म्हणतात. हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ फॉन पिर्के यांनी १९०६ साली घडवला. त्याआधी, १९०२ मध्ये, रिशे आणि पोर्तिए या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट नोंदवली होती. समुद्रपुष्पाच्या विषाची मात्रा पचवलेल्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तेच विष पुन्हा टोचले, तो थोड्याच वेळात दगावला. पहिल्या मात्रेने अंगात बळ यावे, ते न येता शरीर अधिकच हळवे झाले होते.

हे हळवेपण राहते कोठे? पॉल एर्लिख यांनी १८७८ च्या आपल्या प्रबंधात मास्ट पेशींचे वर्णन केले होते. या पेशी कणांनी ठासून भरलेल्या असतात. त्या कणांत हिस्टामीन हे द्रव्य साठलेले असते, हे रायली आणि वेस्ट यांनी १९५३ च्या सुमारास दाखवले. पुढे १९६६ मध्ये इशिझाका पतिपत्नींनी अ‍ॅलर्जीचे प्रतिपिंड शोधले. त्याला आज आयजीई म्हणतात. ते मास्ट पेशीच्या अंगावर पहारेकऱ्यासारखे बसून राहते.

दारूगोळा सापडला, पहारेकरी सापडला; पण बत्ती कोण लावते? ते काम एन्झाइमांचे. एन्झाइम म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया झपाट्याने घडवणारे प्रथिन. बाहेरच्या कणाने दोन आयजीई एकत्र जोडले, की पेशीच्या आत लिन आणि सिक ही एन्झाइमे जागी होतात. ती पुढच्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवतात आणि निरोप हातोहात पुढे जातो. पेशीतले कॅल्शियम वाढते, कणांची पोती फुटतात, हिस्टामीन बाहेर पडते आणि श्वासनलिका आवळते. हे सारे काही मिनिटांत! शिप नावाचे दुसरे एन्झाइम निरोपातला फॉस्फेट काढून घेते. तो या यंत्राचा ब्रेक.

आता कारखान्यात चला. १९६० नंतरच्या दशकात युरोपात धुण्याच्या भुकटीत जंतूंपासून काढलेली एन्झाइमे घालू लागले. रक्ताचे, अंड्याचे डाग ती सहज तोडत. पण ती भुकटी भरणाऱ्या कामगारांना धाप लागू लागली. इंग्लंडात फ्लिंट या डॉक्टरांनी १९६९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध केले, लंडनच्या पेपिस यांनी त्यामागची अ‍ॅलर्जी दाखवून दिली. बाहेरचे एन्झाइम छातीत शिरले आणि आतल्या एन्झाइमांनी बत्ती लावली.

अशा वेळी ‘याची प्रकृतीच नाजूक’ म्हणून माणसाला घरी बसवणे सोपे असते. पण मास्ट पेशी तर प्रत्येकाच्याच अंगात आहेत. सिक आणि लिन यांना कामगार दटावू शकत नाही. हवेतली धूळ मात्र मालकाला आवरता येते. आणि झालेही तसेच. एन्झाइमांचे दाणे करून त्यांवर लेप चढवला, यंत्रे बंदिस्त केली, हवा खेचून घेतली, तेव्हा नवे रोगी पुष्कळ कमी झाले. धोका मात्र संपलेला नाही. पिठात मिसळल्या जाणाऱ्या अमायलेज एन्झाइमाने आजही बेकरीतल्या कामगाराला दमा जडू शकतो.

म्हणून कामावर जाताच कोणाला शिंका येऊ लागल्या, सुटीच्या दिवशी थांबल्या, तर त्याच्या प्रकृतीची चौकशी जरूर करा. पण आधी त्या खोलीतली हवा तपासा.