‘ध’चा ‘मा’ ओळखणारा पहारेकरी

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपण सारेच वापरतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चिठ्ठीत ‘धरावे’ असे होते, त्याचे आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, अशी कथा सांगतात. ती खरी की रचलेली, हा वाद इतिहासकारांवर सोपवू. पण कथेतले मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. बदलले ते एकच अक्षर, आणि मूळ मजकुराशी चिठ्ठी ताडून पाहणारे वाटेत कुणी नव्हते.

ही भीती आज संकेतस्थळांना आहे. संकेतस्थळ म्हणजे दूरच्या एखाद्या संगणकावर ठेवलेल्या फायलीच. कुलूप कितीही भक्कम असो, कधीतरी कुणी आत शिरतो. तो मोडतोड करतोच असे नाही. एखाद्या फाईलीत दोन ओळी घुसडतो आणि निघून जातो. पान मात्र पूर्वीसारखेच दिसते.

यावरचा एक उपाय अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९९२ साली पुढे आला. जीन किम हा विद्यार्थी आणि त्याचे प्राध्यापक यूजीन स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ हा प्रोग्राम तयार केला. ट्रिपवायर म्हणजे पाय अडखळताच इशारा देणारी, वाटेत आडवी बांधलेली तार. प्रत्येक फाईलीतील मजकुरावर गणित करून एक छोटी खूण काढायची, जणू बोटाचा ठसा. फाईलीत एक स्वल्पविराम बदलला, तरी खूण पार बदलते. या खुणांची वही करायची आणि ठरावीक वेळाने फायली तिच्याशी ताडायच्या. वही मात्र दुसरीकडे ठेवायची; नाहीतर चोर फाईलीबरोबर वहीही बदलायचा!

ताडून पाहण्याचे मोल नोव्हेंबर २००३ मध्ये दिसले. ‘लिनक्स’ या संगणकप्रणालीच्या एका प्रतीत कुणीतरी दोन ओळी घातल्या. जिथे बरोबरची दोन चिन्हे हवी होती, तिथे एकच होते. दोन चिन्हे तुलना करतात, एक चिन्ह मूल्य बदलते. त्या एका चिन्हाने परक्या माणसाला संगणकाचे सर्वाधिकार मिळाले असते. पण या प्रतीत मूळ प्रतीशी न जुळणारा बदल आहे, हे तपासणीत उघड झाले आणि डाव फसला.

असा वेळीच इशारा न मिळाल्याचे उदाहरण ब्रिटिश एअरवेजचे. २०१८ साली हल्लेखोरांनी तिच्या संकेतस्थळाच्या फाईलीत मजकूर घातला. तिकीट काढणाऱ्यांच्या कार्डांचे तपशील भलतीकडे जाऊ लागले. ५ सप्टेंबरला बाहेरच्या कुणी कळवले, तेव्हा कंपनीला पत्ता लागला. चार लाखांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला.

कार्डाने पैसे घेणाऱ्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांत महत्त्वाच्या फायली आठवड्यातून निदान एकदा ताडून पाहण्याची अट आहे. अर्थात, हा पहारेकरी फक्त ‘बदल झाला’ एवढेच सांगतो. तो आपल्या माणसाने केला की चोराने, हे त्याला कळत नाही. रोज इशारे येतात म्हणून ते न वाचताच बाजूला सारले, तर तार बांधूनही उपयोग नाही. घंटा यंत्र वाजवील. उठून दार पाहायचे काम माणसाचेच.