चित्रफीत संपादनासाठी छायाचित्रांची पूर्वतयारी

चित्रफीत संपादनासाठी छायाचित्रांची पूर्वतयारी म्हणजे स्थिर छायाचित्रे चलच्चित्रात समाविष्ट करण्यापूर्वी त्यांचा आकार, प्रमाण, रंग व स्वच्छता यांवर केले जाणारे संस्करण होय. माहितीपट, लग्नाच्या चित्रफिती, सेवानिवृत्तीच्या किंवा श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत दाखवले जाणारे जीवनपट यांसाठी ती आवश्यक असते. परभणी जिल्ह्यातील सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी छायाचित्रण, स्कॅनिंग व संपादन ही कामे पुष्कळदा एकाच फोटो स्टुडिओत होतात. दिवंगत व्यक्तीचे एखादेच जुने छायाचित्र उपलब्ध असेल, तर या तयारीला विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

चलच्चित्र ही मुळात स्थिरचित्रांचीच मालिका आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटापूर्वी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला होता. संगणकपूर्व काळात छापील छायाचित्र टेबलावर ठेवून, वर बसवलेल्या रोस्ट्रम कॅमेऱ्याने त्याचे चित्रण करीत. कॅनडातील ‘सिटी ऑफ गोल्ड’ (१९५७) हा या पद्धतीचा नावाजलेला माहितीपट. विठ्ठलभाई झवेरी यांच्या ‘महात्मा’ (१९६८) या गांधीचरित्रपटातही जुन्या छायाचित्रांचा उपयोग केलेला आहे. केन बर्न्स यांच्या ‘द सिव्हिल वॉर’ (१९९०) या मालिकेनंतर छायाचित्रावरून संथपणे सरकण्याच्या तंत्राला त्यांचेच नाव पडले.

पिक्सेलचा हिशेब

छपाईत महत्त्वाचा असणारा ‘डीपीआय’ पडद्यावर निरुपयोगी ठरतो. तेथे केवळ पिक्सेलची एकूण संख्या मोजली जाते. स्कॅन करताना मात्र डीपीआयवरूनच ही संख्या ठरते. ३.५ × ४.५ सेंटिमीटरचे पासपोर्ट छायाचित्र ३०० डीपीआयने स्कॅन केल्यास सुमारे ४१३ × ५३१ पिक्सेल मिळतात, १२०० डीपीआयने सुमारे १६५४ × २१२६. पूर्ण एचडी चौकट १९२० × १०८० पिक्सेलची असते. त्यामुळे पहिली प्रत पडद्यावर धूसर दिसते. छायाचित्रावर दुपटीने जवळ जायचे असल्यास ते किमान ३८४० × २१६० पिक्सेलचे हवे.

याउलट, गरजेपेक्षा फार मोठी चित्रे संपादनाचा वेग मंदावतात. शिवाय पैठणीच्या काठासारखी बारीक नक्षी लहान आकारात आणताना लुकलुकू लागते. अशा वेळी किंचित धूसरता देणे इष्ट.

शाळेच्या समूहछायाचित्रात एखादा चेहरा अर्ध्या सेंटिमीटरचाच असतो. १२०० डीपीआयनेही त्याला सुमारे २३६ पिक्सेलच मिळतात. तो पडदाभर मोठा करण्यापेक्षा संपूर्ण समूह दाखवून हळूहळू त्या चेहऱ्याकडे, पण थोडेच सरकणे अधिक योग्य. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने चेहरा ठसठशीत करतात खरी. पण मूळ चित्रात नसलेले डोळ्या-ओठांचे तपशील ती अंदाजाने रचतात. घरच्या माणसांना तो चेहरा परका वाटू शकतो.

चौकटीचे प्रमाण

मोबाइलची छायाचित्रे बहुधा ४:३, डीएसएलआरची ३:२ आणि चित्रफीत १६:९ प्रमाणात असते. चौकट भरण्यासाठी चित्र आडवे ताणणे हा सर्वांत ढोबळ दोष. त्याने चेहरे रुंद होतात. डोके किंवा हार न तुटेल अशा बेताने कातरणी करावी. उभ्या चित्राच्या दोन्ही बाजूंना त्याचीच धूसर केलेली प्रत भरण्याची प्रथा आहे, परंतु गंभीर प्रसंगी साधी काळी पार्श्वभूमी अधिक शोभते. पाल पद्धतीच्या ७२० × ५७६ चौकटीतील पिक्सेल चौरस नसतात. त्यामुळे जुन्या चित्रफितीतून घेतलेले स्थिरचित्रही प्रमाण न सुधारल्यास विकृत दिसते.

रंग व फाइल

छपाईसाठीची सीएमवायके चित्रे आरजीबीमध्ये, शक्यतो एसआरजीबीमध्ये बदलून घ्यावी लागतात. पारदर्शक बोधचिन्हासाठी पीएनजी योग्य. जेपीईजी दर वेळी नव्याने जतन करताना गुणवत्ता घटते, म्हणून दुरुस्तीचे काम टिफमध्ये करतात. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र आक्रसते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे.

मूळ प्रतीची काळजी

काचेला चिकटलेले छायाचित्र ओढून काढू नये, त्याने रंगाचा थर निघून येतो. ते फ्रेमसह, फ्लॅश न वापरता, बाजूने येणाऱ्या सौम्य उजेडात समोरून टिपावे. डाग व ओरखडे काढण्याचे काम स्कॅनच्या दुसऱ्या प्रतीवर करावे आणि पहिला स्कॅन तसाच वेगळा ठेवावा. छायाचित्रामागे लिहिलेली नावे व तारीख यांचाही स्कॅन घेऊन त्याला त्याच छायाचित्राचा क्रमांक देतात.