भिंतीवरचा विजयदुर्ग



हल्ली नव्या घरात हॉलच्या मोठ्या भिंतीवर किल्ल्याचा फोटो लावतात, त्यातही समुद्रातल्या किल्ल्याचा जास्त. आमच्या लेकाने विजयदुर्गाचे दोन फोटो मोठे करून आणले. सासूबाईंनी विचारलं, "ज्या घरात पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवण उरकतो, तिथे लढाईची जागा कशाला टांगायची?"

प्रश्न रास्त होता. म्हणून आधी इतिहास वाचला.

विजयदुर्ग देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या मुखाशी आहे. जुनं नाव घेरिया. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातल्या दुसऱ्या भोजराजाने तो बांधला असं परंपरा सांगते. पुढे तो आदिलशाहीकडे गेला, शिवाजी महाराजांनी जिंकून घेतला, मग आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झाला. १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांकडून इंग्रजांनी घेतला. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे.

आपल्यासाठी खरी गोष्ट भोजराजाच्या काळातली. हे शिलाहार महालक्ष्मीचे भक्त, तरी जिनालयांनाही त्यांचा आश्रय होता. भोजाचे आजोबा गंडरादित्य यांनी आजऱ्याला 'त्रिभुवनतिलक' जिनालय बांधलं. भोजाच्याच राज्यात, १२०५ मध्ये, त्या जिनालयात सोमदेवांनी 'शब्दार्णवचंद्रिका' पूर्ण केली. आचार्य पूज्यपादांच्या जैनेंद्र व्याकरणावरची ही टीका. एकाच राज्यात समुद्रावर तट उभा होता आणि घाटमाथ्यावर जिनालयात व्याकरण लिहिलं जात होतं. लिहिणाऱ्याला शांतता लागते, आणि राज्याच्या सीमा कुणी राखल्या तरच ती मिळते.

"आपण तापीकाठचे, आपला समुद्राशी काय संबंध?" असंही कुणी म्हणेल. पण चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादहून खंबायत बंदराकडे गेला तो नंदुरबारवरूनच. इथलं वर्णन करताना त्याने लिहून ठेवलंय की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, प्राण्यांना मारणं त्यांना रुचत नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

मग त्यांनीच निवाडा केला. दोनपैकी तोफेचा फोटो लेकाच्या खोलीत. हॉलमध्ये तट, खाडी आणि आकाश असलेला. देव्हाऱ्याच्या भिंतीवर नाही, आणि पश्चिमेचं ऊन पडतं तिथेही नाही. आपल्याकडच्या उन्हात एका उन्हाळ्यात रंग उडतो.

तुम्हीही किल्ल्याचा फोटो लावणार असाल तर खाली एक छोटी पट्टी नक्की लावा: किल्ल्याचं नाव, कुणी बांधला, केव्हा. आमच्या पट्टीवर सासूबाईंच्या सांगण्यावरून आजऱ्याच्या जिनालयाचंही नाव आहे. येणारी मुलं आधी ते नाव विचारतात, आणि सोमदेवांची गोष्ट सांगायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.