विहिरीने काय शिकवलं, काय नाही

मराठवाड्यात पोहण्याची शाळा म्हणजे विहीर. किल्लारीच्या परिसरात, तेरणेच्या काठच्या काळ्या रानात, मोटेच्या काळातल्या विहिरींवर पिढ्यान्‌पिढ्या पोरं पोहायला शिकली. पाठीला वाळका भोपळा, पांगाऱ्याचं बिंडं नाहीतर रिकामा डबा, कंबरेला दोर आणि दोर धरायला काठावर काका किंवा मामा. भोपळा सुटला की शिक्षण संपलं. पुढे उरायचे ते सूर आणि मुटके. बुडायचं नाही, एवढंच या शिक्षणाचं ध्येय होतं आणि ते त्याने चोख साधलं. हात कसा टाकावा, श्वास कुठे सोडावा, हे विहिरीने शिकवलं नाही, कारण तिथे त्याची गरजच नव्हती. पंचवीस-तीस फुटांच्या रुंदीत चार हात मारले की समोरचा काठ येतो. वरून कोण उडी टाकतंय, पाण्यात काय तरंगतंय, हे दिसावं म्हणून डोकं वर ठेवणंच शहाणपणाचं. लांब तलावात मात्र हीच सवय नडते. डोकं उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि हवेपेक्षा सुमारे आठशेपट दाट असलेलं पाणी अंगाला अडवू लागतं. तेव्हा मोबाइलवरच्या धड्यांतून फ्रीस्टाइल सुधारणारा खेड्यातला मुलगा परंपरा मोडत नाही. विहिरीने जिथे सोडलं, तिथून पुढे जातो.

‘पोहणं का पाहून येतं?’ हा आक्षेप जुना आहे आणि निम्मा खराही आहे. कारण फ्रीस्टाइलचा इतिहास पाहण्याचा आहे, तसाच अर्धवट पाहण्याचाही. 1873 च्या सुमारास ट्रजन नावाच्या इंग्रजाने हात पाण्याबाहेरून टाकण्याची दक्षिण अमेरिकेतली पद्धत इंग्लंडमध्ये दाखवली. पाय मात्र तो कात्रीच्या चालीनेच मारत राहिला. पाण्यावरचं उचललं, पाण्याखालचं निसटलं. पुढे सॉलोमन बेटांवरून आलेल्या ॲलिक विकहॅमचं पोहणं सिडनीकरांनी पाहिलं आणि पायांची वर-खाली चाल असलेला क्रॉल रुजला. अमेरिकी प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी तर कॅमेराच पाण्याखाली नेला आणि त्या अभ्यासाचं शास्त्र 1968 च्या पुस्तकात मांडलं. हात सरळ मागे ओढला जातो ही समजूत त्या चित्रीकरणापुढे टिकली नाही. पोहणाऱ्याला स्वतःचा हात दिसत नाही, आणि काठावरच्या काकालाही पाण्याखालचं कोपर दिसत नव्हतं. म्हणून ऑनलाइन शिकवणीचं खरं बळ दुसऱ्याचे व्हिडिओ पाहण्यात थोडं, आणि स्वतःचं पोहणं चित्रित करून जाणकाराला दाखवण्यात जास्त आहे.

दुसरा आक्षेप असा की दम आणि ताकद असली की पुरे, तंत्राचे चोचले कशाला? याला सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं उत्तर आहे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचं कंबरेखालचं अंग लुळं पडलं. तरी 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बहुतेक काम हातांचं असतं. त्यामुळे हाताची चाल सुधारणं हा चोचला नसून मूळ काम आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: जिथे पाणीच नाही, तिथे पोहण्याचं तंत्र कशाला? पेटकरांच्या पदकाचं 1972 हेच साल महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपाने किल्लारीला जुन्या जागेवरून उठवून नव्या वसाहतीत नेलं, आणि बोअरवेलांनी पाणी खोल नेलं. बोअरच्या सहा इंची तोंडात कुणी पोहायला शिकत नाही. पण यातून निष्कर्ष उलटा निघतो. पाणी वर्षातून थोडेच दिवस मिळणार असेल, तर त्या दिवसांत काय सुधारायचं हे आधी ठाऊक असणं जास्त मोलाचं. पडद्याला एक गोष्ट मात्र कधीच जमणार नाही: त्याला दोर धरता येत नाही. नवशिक्याने मोबाइलच्या भरवशावर विहिरीत किंवा धरणाच्या फुगवट्यात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून क्रम जुनाच राहायला हवा. गावाने, शाळेने आधी काठावर उभा राहणारा माणूस शोधावा. हाताची चाल सुधारणारा गुरू लांबचा असला तरी चालेल.