न्हावा-शेवा बंदरातील सुरक्षाव्यवस्था

नवी मुंबईलगत, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या भौतिक व संगणकीय संरक्षणाची व्यवस्था. २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झालेले हे बंदर भारतातील कंटेनर-वाहतुकीचे एक प्रमुख केंद्र आहे.

आरंभी बंदराची सुरक्षा मुख्यत्वे कुंपण, फाटके, पहारा व मालाची तपासणी यांवर अवलंबून असे. १ जुलै २००४ पासून अंमलात आलेल्या, जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय संहितेचाही भर प्रामुख्याने प्रवेशनियंत्रणावर होता. दरम्यान कंटेनरच्या नोंदी, त्यांच्या जागा व ट्रकांचा फाटकावरील प्रवेश ही कामे संगणकाकडे गेली.

या स्थित्यंतरातील धोका २७ जून २०१७ रोजी उघड झाला. युक्रेनमधील एका हिशेब-आज्ञावलीच्या सुधारित आवृत्तीतून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक आज्ञावलीने डेन्मार्कच्या मर्स्क उद्योगसमूहाचे संगणकजाळे निकामी केले. या समूहाशी संलग्न असलेल्या न्हावा-शेवा येथील ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’चे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. कोणता कंटेनर कोणाचा, हे ठरविणे अवघड होऊन नोंदी हाताने कराव्या लागल्या. कुंपण कोणीही ओलांडले नव्हते, तरी माल अडकून पडला. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. फेब्रुवारी २०२२ मध्ये याच बंदरातील दुसऱ्या एका टर्मिनलवर खंडणीखोर आज्ञावलीचा हल्ला झाला, तेव्हा जहाजे अन्य धक्क्यांकडे वळवावी लागली.

धोका उलट दिशेनेही येतो. बेल्जियममधील अँटवर्प बंदरात अमली पदार्थांच्या तस्करांनी कंटेनरचा ठावठिकाणा काढण्यासाठी संगणकप्रणालीत शिरकाव केल्याचे २०१३ मध्ये उघडकीस आले. संगणकीय अडसर उभारला गेल्यावर त्यांनी कार्यालयात शिरून कळफलकावरील नोंदी टिपणारी उपकरणे बसविली होती.

यामुळे दोन्ही संरक्षणांचा एकत्रित विचार आवश्यक ठरतो. नोकरी सोडणाऱ्याचे ओळखपत्र व संगणकीय परवाना एकाच वेळी रद्द करणे, संगणककक्षावर पहारा ठेवणे, पहाऱ्याचे कॅमेरेही संगणकजाळ्याचाच भाग मानणे आणि यंत्रणा बंद पडल्यास कागदावर काम चालविण्याचा सराव करणे, ही त्याची प्रमुख अंगे होत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जून २०१७ मधील ठरावाने जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनात संगणकीय जोखमीचा अंतर्भाव केला. भारतात एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत शासकीय यंत्रणेस कळविणे संस्थांना बंधनकारक करण्यात आले.